तुमच्या बोटांना कुठली सिस्टीम सोपी गेली?

बारा वर्षं विंडोज वापरून नुकतीच मॅकवर आले आणि पहिल्याच दिवशी अडाणी ठरले. फाइल निवडून एंटर दाबलं, तर ती उघडेना, उलट तिचं नाव बदलायला तयार! उघडायला कमांड-ओ. कट करायला कमांड-एक्स दाबत बसले, पण फायलींना ते लागूच नाही. आधी कॉपी करायची आणि पेस्ट करताना सोबत ऑप्शन दाबायचं, तेव्हा ती हलते. तुम्ही सिस्टीम बदललीत तेव्हा कुठे अडलात? 'श्रेष्ठ कोण' हा वाद कृपया नको.

*

माझं उलटं. मॅकवरून विंडोजवर. बंद करायचं बटण उजवीकडे आणि माझा माउस डावीकडे धावतोय! मॅकवर विंडो बंद केली तरी प्रोग्रॅम सहसा चालूच राहतो, त्यामुळे इथे फुली मारल्यावर अख्खा प्रोग्रॅम गेला की दचकायचो. पण विंडो कडेला ओढली की अर्ध्या स्क्रीनवर चिकटते, हे सुख विंडोजवर २००९ पासून आहे. मॅकवाले त्यासाठी २०२४ पर्यंत थांबले.

*

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमचा जुना लॅपटॉप ११ च्या अटींत बसेना. लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, टचपॅड सगळं तपासता आलं, मग धीर करून टाकलं. मेनू खाली डावीकडेच, म्हणून आईने एवढंच विचारलं, "रंग बदललास का रे?" तिला ब्राउझर आणि फोटो, बास. फजिती झाली ती माझी. टर्मिनलमध्ये, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीत, कॉपी करायला कंट्रोल-सी दाबलं आणि चालू काम बंद पाडलं. तिथे सोबत शिफ्टही लागते. दोनदा झालं. बरं, तीनदा.

*

विंडोज ८ विसरलात? २०१२, स्टार्ट बटण गायब, आणि मी मशीन बंद कसं करायचं ते शोधतोय. ८.१ मध्ये बटण परत आलं, तोवर मी मशीन बंद करायला ऑल्ट-एफ४ या कळांना शरण गेलो होतो.

*

मराठी टायपिंगचं कुणीच बोलत नाही! इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांचा ठरलेला कीबोर्ड, तिन्हीकडे आहे आणि हलन्त सगळीकडे 'डी'वरच, त्यामुळे जोडाक्षरांना बोटं चुकत नाहीत. भाषा बदलायच्या कळा तेवढ्या वेगळ्या.

*

धागा काढणारी परत आलेय. काल घरच्या विंडोजवर बसले आणि फाइल उघडायला कमांडची कळ शोधत होते.