चामखीळ गोठवून काढणे : अनुभव धागा

उपवनकाकू
आज सकाळी उपवनच्या तळ्याकाठी बाकावर दोघींचं बोलणं कानावर पडलं. मानेवरच्या चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा की बिब्बा लावायचा, असं चाललं होतं. एकदम चाळीतल्या दुपारी आठवल्या, म्हणून धागा काढतेय. चामखीळ, मस असल्या निरुपद्रवी वाढी द्रवरूप नायट्रोजनने गोठवून काढणं हा विषय. ज्यांच्या हाताखालून हे काम जातं त्यांनी लिहा. 'छान झालं, दुखलं नाही' एवढ्यावर थांबू नका. किती सेकंद, कशाने, नंतर काय, कुठे फसतं ते हवं.

सुरुवात मी करते, घरगुती उपायांनी काय बिघडतं त्यापासून. चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र ओला केला की कॉस्टिक सोडा तयार होतो. तो चामखिळीपुरता थांबत नाही, शेजारची चांगली कातडीही खातो आणि खड्डा पडतो. बिब्ब्याच्या तेलाने फोड येतात, काळा डाग महिनोन्महिने जात नाही. केसाने बारीक देठाची चामखीळ सुकून पडते खरी, पण अर्धवट आवळला तर ती सुजते आणि पू धरते.

ओपीडी_सात
काकू, चांगला विषय. सेकंद कुठून मोजायचे, पहिली चूक तिथेच होते. फवारा सुरू केला तेव्हापासून नाही. चामखीळ पूर्ण पांढरी होऊन भोवती २ मिमीची पांढरी कड उमटली की तिथून मोजायचं. हातावरच्या साध्या चामखिळीला १० सेकंद, तळव्याच्या जाड कातडीला २० पर्यंत. उतारवयात पाठीवर मेण चिकटवल्यासारखे तपकिरी मस येतात त्यांना ५ ते १०. नोझल कातडीपासून १ ते दीड सेमीवर, काटकोनात. पटकन गोठवणं आणि आपलं आपण सावकाश वितळू देणं, यातच पेशी मरतात. म्हणून मध्ये हाताने चोळून ऊब देऊ नये.

मानेवरच्या लोंबत्या चामखिळीवर मात्र फवारा नकोच, बाजूची कातडी विनाकारण होरपळते. चिमट्याची टोकं नायट्रोजनमध्ये बुडवायची, त्या गार टोकांत देठ १० सेकंद धरायचा, पांढरेपणा मुळाशी टेकला की सोडायचा.

बडीशेप
वाचतेय. कुकर लावून येते.

रबाळे_प्लँट
गॅसच्या बाजूने लिहितो. नायट्रोजन उकळतो उणे १९६ अंशांना, त्यामुळे तो ठेवायचा फ्लास्क झाकलेला असला तरी आतला माल रोज थोडा थोडा उडतोच. ठाण्या-नव्या मुंबईतले बरेच दवाखाने क्रायोसाठी, म्हणजे या गोठवण्यासाठी, आठवड्यातला एखादाच वार ठेवतात त्याचं कारण हे. भरलेला फ्लास्क वाट बघत बसत नाही.

झाकण सैलच असतं, ते तुटलंय समजून कोणी बूच ठोकून बसवू नका. १ लिटर द्रवाचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो, भांडं फुटतं. किती शिल्लक आहे ते बघायला लाकडी पट्टी आत घालायची, काढून हवेत हलवायची, जिथवर पांढरं दव धरतं तेवढा माल. पोकळ नळी कधीच घालू नका, वरच्या टोकातून द्रव उसळून तोंडावर येतो. हातमोजे सैल हवेत, म्हणजे सांडलं की झटकन काढता येतात. सुती मोजा भिजला तर उघड्या हातापेक्षा वाईट.

टॉवरमध्ये दवाखाना असेल तर फ्लास्क लिफ्टमधून एकटा पाठवायचा, माणूस जिन्याने, वर दुसऱ्याने उतरवून घ्यायचा. गाडीत असेल तर काचा उघड्या. घोडबंदर रोडला तासभर अडकून काचा बंद, एसी चालू, असं करू नका. बंद जागेत हा वायू ऑक्सिजनची जागा घेतो, त्याला वास नाही, माणूस खोकतही नाही, थेट चक्कर येऊन पडतो.

कोपरीचा_अभय
लिफ्टचं माहीत नव्हतं दादा, आमच्या सोसायटीत खाली दवाखाना आहे, सेक्रेटरींना वाचायला देतो.

एक प्रश्न. तळव्याला आहे ती भोवरी की चामखीळ, कसं ओळखायचं?

ड्रेसिंगवाली_ताई
अभय, दोन बोटांत बाजूने चिमटून बघ. चामखीळ चिमटल्यावर कळवळते, भोवरी वरून दाबल्यावर. दुसरं म्हणजे कातडीवरच्या रेषा. भोवरीवरून त्या सरळ जातात, चामखिळीपाशी तुटतात. वरचा थर खरवडला की काळे ठिपके दिसतात, त्यांना लोक 'मूळ' म्हणतात. मूळबीळ काही नसतं, आत रक्त साकळलेल्या बारीक रक्तवाहिन्या असतात त्या.

तळव्याची असेल तर न खरवडता गोठवणं म्हणजे टाइल्सवरून पाणी ओतून जमीन भिजवणं. आधी पाय १० मिनिटं कोमट पाण्यात, मग १५ नंबरच्या ब्लेडने मेलेला थर, रक्ताचे बारीक थेंब दिसू लागले की थांबायचं. रक्त थांबवून, कोरडं करून मगच गोठवायचं. दोन सिटिंगच्या मधे रात्री सॅलिसिलिक आम्लाचं द्रावण, बाजूला व्हॅसलिनचं रिंगण. गोठवल्यावर येतो तो फोड बरा झाल्यावरच सुरू करायचं, ओल्या जखमेवर नाही.

आणि २-३ आठवड्यांनी पुढची सिटिंग चुकवू नका. लोक खपली पडली की येत नाहीत, दोन महिन्यांनी पहिल्यापेक्षा मोठी घेऊन येतात.

बडीशेप
पाणी साचलेल्या दिवसांत तळव्याचं करावं का?

ड्रेसिंगवाली_ताई
करावं की. फक्त २४ तासांत फोड येणार, कधी रक्ताळलेला जांभळा, त्याला घाबरू नका आणि छप्पर काढू नका. फार ताणला तर निर्जंतुक सुईने कडेला टोचायचं, पाणी काढायचं, कातडी तशीच ठेवायची, तीच उत्तम पट्टी. स्टेशनबाहेरच्या पाण्यातून चालावं लागलं तर घरी येऊन साबणाने धुवा, टिपा, पट्टी बदला. बंद ओले बूट दिवसभर नकोत. चेहऱ्याची खपली १-२ आठवड्यांत पडते, पायाची ३-४ घेते.

बडीशेप
पावसाळी सँडलचा वेगळा धागा हवा खरं तर. राम मारुती रोडवर घेतलेले महिन्यात सुटले.

नेरूळ_सेक्टर१९
तुर्भ्याला बघा ताई, रबरी मिळतात.

ओपीडी_सात
सँडल नंतर 🙂 रंगाबद्दल कोणी लिहिलं नाही आणि आपल्या कातडीसाठी तोच सगळ्यात मोठा मुद्दा आहे. रंग तयार करणाऱ्या पेशी उणे ४ ते ७ अंशांनाच मरतात. चामखिळीच्या पेशींना उणे २० ते ३० लागतात. म्हणजे चामखीळ मरेपर्यंत रंग आधीच गेलेला असतो. कडेच्या पेशी आत सरकून तो बहुधा परत येतो, पण जास्त वेळ धरलं तर पांढरा ठिपका कायमचा. म्हणून चेहऱ्यावर ५ सेकंदांच्या आत, लागलं तर पुन्हा. सावळ्या गालांवर पुंजक्याने येतात त्या बारीक काळ्या मसांना तर गोठवणं नकोच, हलक्या हाताने रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळणं, बरी.

तीळ कधीही गोठवू नका. गोठवलं की तपासायला तुकडा उरत नाही. आकार वेडावाकडा, कड फाटकी, दोन-तीन रंग, वाढतोय, रक्त येतंय, असं काही असेल तर आधी बायोप्सी.

ऐरोलीकर_मामी
दुकानात मिळतो तो घरगुती स्प्रे चालेल का? भाचीच्या बोटाला आहेत चार, वय ७.

उपवनकाकू
मामी, त्यात नायट्रोजन नसतो, डायमिथाइल ईथर आणि प्रोपेन असतं. स्पंज उणे ५७ च्या आसपास जातो, कातडी तेवढीही गार होत नाही. पातळ चामखिळीला कधी पुरतो. गॅसजवळ, देवघरातल्या दिव्याजवळ वापरू नका, पेटतो. पण सात वर्षांच्या मुलीला घाई कशाला? मुलांच्या बऱ्याच चामखिळी वर्ष-दोन वर्षांत आपणहून जातात. कुरतडू देऊ नका, टॉवेल वेगळा.

ओपीडी_सात
बोटांच्या बाजूने नस जाते. तिथे जोरात गोठवलं तर टोक काही आठवडे बधिर राहतं. नखाच्या मुळाशी केलं तर नख खाचेचं येतं. कापसाच्या काडीने करणार असतील तर नायट्रोजन वेगळ्या कपात ओतून घेतलाय ना, बघा. वापरलेली काडी मोठ्या फ्लास्कमध्ये परत बुडवायची नाही. हा विषाणू त्या थंडीत मरत नाही, पुढच्या पेशंटकडे जातो.

कोपरीचा_अभय
चिमटून बघितलं. बाजूने दुखतंय. आईच्या नडगीवरही एक मस आहे, तिला मधुमेह. दोघांचं एकदम करावं?

ड्रेसिंगवाली_ताई
तुझं कर. आईचं नको. नडगीवर मांस कमी, रक्त कमी पोचतं, मधुमेहात तिथली जखम महिने घेते. मस त्रास देत नसेल तर राहू दे. मानेवर तिला पुष्कळ लोंबत्या चामखिळी आणि मखमलीसारखा काळपटपणा आहे का? असेल तर जाशील तेव्हा तीन महिन्यांच्या साखरेची तपासणीही सांग. आणि पैसे सिटिंगचे की नगाचे ते आधी विचार. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे, सकाळी लवकर जा, नायट्रोजन कोणत्या वारी असतो ते विचारून ये.

कोपरीचा_अभय
काळपटपणा आहे ताई. उद्याच नेतो तिला.