कॉर्डलेस हॅमर ड्रिल : विटेच्या भिंतीवर पास, स्लॅबखाली काय?

परांचीवाला :
परवा एकाने कॉर्डलेस हॅमर ड्रिलचं परीक्षण टाकलं होतं. सार असं : १८ व्होल्टचं ब्रशलेस मशीन, खोक्यावर १०० न्यूटन-मीटरहून जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर), विटेच्या भिंतीत १० मिमीची भोकं झरझर पडली. तेव्हा साइटवरची वायरची ड्रिलं भंगारात घाला आणि रोटरी हॅमर विसरा. खाली नुसती वाहवा. मी दोन ओळींत आटोपणार होतो, पण ते "विसरा" डोक्यात गेलं.

अहो, विटेत हॅमर न लावतासुद्धा बिट जातं. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत तर हॅमर लावायचाच नसतो, भोक ऐसपैस होतं आणि स्क्रूसाठी ठोकलेली गिट्टी सैल बसते. साइट म्हणजे स्लॅबची खालची बाजू. केबल ट्रेचे रॉड टांगायचेत, मान मागे, हात डोक्यावर, आणि प्रत्येक भोकात खडी नाहीतर सळई. तिथे हे मशीन धरून उभे राहा, मग विसरायचं काय ते ठरवू.

हॅमर ड्रिलच्या आत हॅमर नसतोच मुळी. दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि चक, म्हणजे बिट धरणारं तोंड, थरथरतो. खोक्यावर मिनिटाला ३०,००० ठोके लिहिलेले असतात, पण एकेका ठोक्यात दम किती, ते लिहिलेलं कधी पाहिलंत? पाठीमागून तुम्ही जेवढा भार द्याल तेवढाच तो दम. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा आतला ठोकळा फेकते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण प्रत्येकाची ताकद ज्यूलमध्ये लिहून देतात. लहानशा मशीनलाही दोनेक ज्यूल असतात. काम मशीन करतं, खांदा नाही.

परीक्षणच करायचं तर काँक्रीटमध्ये करा. बॅटरी उतरत आल्यावर वेग किती राहतो ते मोजा. भोक गोल पडलं की लंबुळकं, ते फास्टनर (भोकात घट्ट बसणारा बोल्ट) घालून बघा.

नटबोल्ट :
ते परीक्षण माझंच. वाहवेचा एवढा त्रास झाला हे वाचून वाईट वाटलं.

मी कुठे म्हटलं की कॉलम फोडा? माझं काम लायटी, पाइपचे क्लॅम्प, स्विचबोर्डाचे डबे. ६ आणि ८ मिमीची भोकं, त्यातली बहुतेक भिंतीत, अधूनमधून बीममध्ये. भोक पाडायचं, बिट काढायचं, त्याच मशीनने स्क्रू मारायचा, शिडी पुढे सरकवायची. तुमच्या रोटरी हॅमरने स्क्रू मारून दाखवा. ठरलेल्या जोरावर सुटणारा क्लच, त्यावर आकडे असतात का त्याच्या? शिडीवर दोन मशीनं घेऊन चढायचं का? साइट म्हणजे फक्त तुमची केबल ट्रे नव्हे.

जुना कार्बन :
दोघेही मुद्द्यावर नाही. आधी त्या व्होल्टच्या फसवणुकीवर बोला. एक कंपनी १८ लिहिते, दुसरी २० लिहिते, आणि पोरं २० म्हणून जास्त पैसे मोजून घेतात. आत दोन्हीकडे लिथियमचे तेच पाच सेल. सेलचा कामाचा व्होल्टेज ३.६, पाचाने गुणा, १८. चार्जरवरून काढल्या काढल्या, भार नसताना मोजलं की २० दिसतात. ट्रिगर दाबला की उतरले खाली. वायरच्या मशीनला असली भानगड नाही. प्लग लावा, संध्याकाळपर्यंत तोच वेग. मोटरचे कार्बन ब्रश झिजले तर बदलायचे, पाच मिनिटांचं काम.

परांचीवाला :
काका, ते खरंय, पण इथे प्रश्न वेगळा चाललाय.

जुना कार्बन :
प्रश्न हाच आहे. ज्याचा आकडाच खोटा, त्याचं परीक्षण काय करायचं?

मनगट :
ठोके मोजा, व्होल्ट मोजा, चालू द्या. नटबोल्ट, तुमच्या एकाही फोटोत साइड हँडल नाही. ते खोक्यातच राहिलं का?

विचारायचं कारण सांगतो. आमच्या टोळीतला एक मुलगा, हाताने मजबूत, बीमच्या बुडाशी १२ मिमीचं भोक पाडत होता. एका हाताने मशीन, दुसरा शिडीला. बिट सळईत अडकलं. बिट थांबलं म्हणजे मोटर थांबत नाही हो, मग मशीनच फिरतं. मनगट फिरलं, कोपर शिडीच्या दांड्यावर आपटलं. प्लास्टर निघाल्यावरही तो बाटलीचं झाकण डाव्या हाताने उघडायचा.

आता तुमच्या लाडक्या १०० न्यूटन-मीटरचं गणित करा. चकाच्या मधल्या रेषेपासून तुमची मूठ १० सेंटिमीटरवर असेल तर मुठीवर १००० न्यूटन. शंभरेक किलोचा झटका, तोही क्षणात. हँडल नसताना तो आकडा मिरवण्यासारखा नाही, घाबरण्यासारखा आहे.

नटबोल्ट :
भीती घालणं सोपं आहे. तो आकडा पहिल्या गियरचा, मोटर पूर्ण अडल्यावरचा. काँक्रीटला आपण दुसरा गियर लावतो. पहिल्यात साधारण ५०० फेरे, दुसऱ्यात २०००. फेरे चौपट, म्हणजे टॉर्क पाव. तुमचे शंभर किलो पंचवीसवर आले. आणि क्लच आहे ना.

मनगट :
क्लच? हॅमरच्या चिन्हावर रिंग फिरवलीत की बहुतेक मशीनांत तो क्लच बंदच असतो. आकडे फक्त स्क्रूसाठी. हे माहीत नसताना परीक्षण लिहिलंत?

आणि दुसऱ्या गियरमध्ये टॉर्क पाव होतो हे तुम्हीच सांगताय, तर मग १०० चा आकडा काँक्रीटसाठी शिफारस म्हणून छापलात कशाला? एकतर तो कामाचा नाही, नाहीतर धोक्याचा आहे.

परांचीवाला :
ह्यात भर. रोटरी हॅमरला घसरता सेफ्टी क्लच असतो, बिट अडकलं की कट्‌कट्‌ आवाज करून सुटतो. नव्या कॉर्डलेसमध्ये झटका ओळखून मोटर तोडणारं सेन्सर येतं, पण सगळ्यांत नाही. घेताना तेवढं विचारा.

शिडीशूर :
हँडल हँडल काय लावलंय. शिडीवर एक हात धरायलाच लागतो. हँडलला दुसरा हात दिला तर पडायचं का? ज्यांनी कधी शिडीवर काम केलं नाही त्यांनी हे नियम काढलेत.

साइटवरची बाई :
मी साइटवर सेफ्टी बघते, आणि शिडीवर चढते. ज्या कामाला दोन्ही हात मशीनवर लागतात ते काम शिडीवरचं नाही. तिथे परांची लावायची नाहीतर प्लॅटफॉर्म. "दुसरा हात शिडीला" ही अडचण हँडलची नाही, शिडीची आहे.

शिडीशूर :
बाई, परांची बांधायला तुम्ही येणार का? एका खोलीत चार भोकं, त्यासाठी परांची? कागद भरणाऱ्यांना वेळेची किंमत नसते.

साइटवरची बाई :
चार भोकांना चाकांचा ठेंगणा प्लॅटफॉर्म पुरतो, तुम्ही शिडी हलवता तसाच हलतो. आणि कागद मीच भरते, म्हणून कोणाचं मनगट कधी गेलं ते मला पाठ असतं. आवाज चढवायचा असेल तर हवा तेवढा चढवा, उत्तर हेच राहील.

आता कंपनांचं. ह्यावर कोणी बोलतच नाही. युरोपातल्या २००२ च्या निर्देशात हाताला बसणाऱ्या कंपनांची आठ तासांची सरासरी धरली आहे. २.५ मीटर प्रति सेकंद वर्गला उपाय सुरू करायचे, ५ ला काम थांबवायचं. मशीनच्या पुस्तिकेत काँक्रीटमधला आकडा १० असेल तर ट्रिगर दाबलेला अर्धा तास झाला की पहिली रेषा, दोन तासांनी दुसरी. बोटं पांढरी पडून बधिर होणं एका दिवसात होत नाही, म्हणून कोणी मोजत नाही. परीक्षणात तो आकडा होता का? पुस्तिकेत छापलेला असतो.

शिडीशूर :
आमची बोटं शाबूत आहेत.

मनगट :
त्याचीही होती.

जुना कार्बन :
मोठी बॅटरी लावून परीक्षण करतात आणि खोक्यात लहान देतात, हा माझा मुद्दा राहिला. लहान पॅकमध्ये पाचच सेल, सगळा करंट त्या एका रांगेतून. मोठ्यात बहुधा जोड्या, प्रत्येक सेलवर निम्मा भार. त्यामुळे तेच मशीन लहान बॅटरीवर काँक्रीटमध्ये धापा टाकतं. नटबोल्ट, तुम्ही कुठली लावली होती?

नटबोल्ट :
५ अँपिअर-तासाची. लिहिलंय की.

जुना कार्बन :
आणि विकत मिळते त्या खोक्यात?

नटबोल्ट :
२ ची. बरं, हे तुमचं बरोबर. पण तुमच्या वायरच्या मशीनला लांबच्या बोर्डावरून पन्नास मीटर बारीक वायर ओढली की व्होल्टेज तिथेही पडतो, ते नाही सांगत कधी. शिवाय वायरीत पाय अडकून पडणारे वेगळेच.

जुना कार्बन :
जाड वायर वापरा.

चंद्रभान :
बॅटरीवरचं ड्रिल नासाने चंद्रासाठी शोधलं. तिथे चाललं तर तुमच्या स्लॅबमध्ये का नाही चालणार? उगाच शंका.

परांचीवाला :
चंद्रभान, बॅटरीचं ड्रिल ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्येच बाजारात आणलं होतं. चंद्राचं ड्रिल नंतरचं. आणि तिथे काय "चाललं"? १९७१ मध्ये अपोलो १५ वर ते फिरवत ठोकणारं ड्रिल घेऊन अंतराळवीर तीन मीटर खोल जायला निघाले आणि उष्णता मोजायच्या भोकात निम्म्यावरच बिट बसलं. नळीच्या सांध्यांवर भुकटी वर आणणारी खोबण सलग नव्हती, भुकटी बाहेर पडेना, नळी जाम. मातीच्या नमुन्यासाठी घातलेली नळी उपसायला तर दोघांना जोर लावावा लागला. पुढच्या मोहिमेसाठी नळी बदलली.

म्हणजे उदाहरण माझ्या बाजूचं आहे, आभार. तुमच्या स्लॅबमध्येही अर्धी मारामारी भुकटीशीच असते. बिट मधूनमधून फिरतं ठेवूनच बाहेर ओढायचं, खोबण मोकळी करायची. भोक फुंकून, ब्रशने साफ केल्याशिवाय केमिकल फास्टनर (बोल्ट चिकटवणारा मसाला) भरला तर तो काँक्रीटला नाही, भुकटीला चिकटतो.

साइटवरची बाई :
तोंडाने फुंकू नका. ती सिलिका आहे, फुप्फुसात जाते ती परत येत नाही. हातपंप मिळतो. डोक्यावरच्या भोकाला बिटाभोवती धूळ खेचणारी टोपी आणि व्हॅक्यूम, शिवाय मास्क. रुमाल म्हणजे मास्क नव्हे.

शिडीशूर :
झालं. आता भोक पाडायला अंतराळवीराचाच पोशाख घालतो.

नटबोल्ट :
परांचीवाला, एक सरळ विचारतो, टोमणा न मारता उत्तर द्या. माझ्यासारख्याने, ज्याला बीममध्ये कधीतरीच ८ मिमी पाडायचंय, त्याने हे ड्रिल घ्यावं की नाही?

परांचीवाला :
घ्या. कधीतरीच ८ मिमीला चालतं, ते मी नाकारलंच नव्हतं. साइड हँडल लावून, दुसऱ्या गियरमध्ये, चांगल्या कार्बाइड बिटाने. दोन धारांचं बिट सळईवर अडकतं, चार धारांचं बरंच सुसह्य. पण दिवसभर १० आणि १२ मिमी स्लॅबमध्ये असेल तर एसडीएस-प्लस चकाचं कॉर्डलेस रोटरी हॅमर, त्याच बॅटरीवर चालणारं. बॉशने १९७५ मध्ये ती पद्धत काढली ती उगाच नाही. बिट चकात पुढेमागे सरकतं, ठोका थेट बिटाला बसतो. तुमच्या तीन जबड्यांच्या चकाला बिटासकट सगळाच डोलारा हलवावा लागतो, ताकद तिथेच जाते. शिवाय जबडे झिजले की बिट डुलतं आणि भोक फास्टनरला मोठं होतं. पाइपच्या सपोर्टचे फास्टनर पान्याबरोबर गोल फिरताना मी पाहिलेत. घट्ट होतच नाहीत, बाहेरही येत नाहीत. मग शेजारी दुसरं भोक.

नटबोल्ट :
म्हणजे शेवटी दोन मशीनं.

परांचीवाला :
हो. बॅटरी एक, मशीनं दोन. आणि शिडीवर दोन्ही घेऊन चढा असं कोणी म्हटलं नाही. आधी सगळी भोकं, मग सगळे स्क्रू.

नटबोल्ट :
ठीक आहे. "विसरा" हा शब्द मागे घेतो, परीक्षण नाही. एक टाकाऊ काँक्रीटचा ठोकळा मिळतोय, सळईसकट. त्यात १० मिमी, दोन्ही बॅटऱ्यांवर, घड्याळ लावून. ते पुढच्या भागात टाकतो.

मनगट :
हँडल लावून.

नटबोल्ट :
लावून.

साइटवरची बाई :
मास्क. आणि पुस्तिकेतला कंपनांचा आकडा वर लिहा.

जुना कार्बन :
बॅटरी तापलेली असेल तर लगेच चार्जरवर चढवू नका, गार होऊ द्या. गार व्हायला लागलेला वेळही मोजा, तो साइटवर फुकट जातो. आणि शेजारी एक वायरचं मशीन ठेवा, तुलनेला.

नटबोल्ट :
अटी संपल्या की सांगा, मग ड्रिल विकत घेतो की प्रयोगशाळा उघडतो ते ठरवेन.