'हॅड बीन' नेमकं कधी वापरायचं?
'द लेटर हॅड बीन सेंट यस्टरडे' हे वाक्य बरोबर आहे का, असं एकाने विचारलंय. कर्मणी प्रयोगाची (क्रिया ज्याच्यावर होते त्याच्यापासून वाक्य सुरू होतं) ही रचना बिनचूक आहे: हॅड, बीन आणि क्रियापदाचं तिसरं रूप (इथे 'सेंट'). पत्र एक असो वा दहा, 'हॅड' बदलत नाही. घोळ मराठीमुळे होतो. 'पत्र काल पाठवलं होतं' असं आपण सहज म्हणतो, पुढे दुसरी घटना नसली तरी. इंग्रजीत तेवढ्यासाठी 'वॉज सेंट' पुरतं. 'हॅड बीन'ला भूतकाळातलाच नंतरचा एखादा क्षण लागतो, मग तो त्याच वाक्यात असो वा आधीच्या: 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड बीन कॅन्सल्ड.' म्हणजे पोहोचण्याआधीच गाडी रद्द झाली होती. 'वॉज कॅन्सल्ड' म्हटलं, तर पोहोचल्यावर रद्द झाली असं वाटेल. या रूपाचं खरं काम हेच. 'आफ्टर' किंवा 'बिफोर' असेल तर क्रम त्यातूनच कळतो, तिथे बहुधा 'वॉज'ही चालतं.

'बीन' मात्र गाळू नका. 'द थीफ हॅड अरेस्टेड' म्हटलं की अटक करणारा चोरच ठरतो! आणि 'हॅड बीन वेटिंग' हा कर्मणी प्रयोग नव्हे. तिथे 'बीन'नंतर तिसरं रूप नाही, 'आयएनजी'चं रूप आहे.