तीन ठिकाणी तीन ऑईलं की एकच? लवकर सांगा प्लीज

रातपाळी_रायडर: मदत हवी आहे, जरा घाईत आहे. बाईकच्या इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रायमरी (क्लच आणि चेनचा बंद डबा) तिन्हीतलं जुनं ऑईल काढून झालंय, गाडी उघडी पडलीये आणि आता कळेना कशात काय टाकू. एक जण म्हणतो तिन्हीत एकच टाक, दुसरा म्हणतो असं केलंस तर गिअरबॉक्सची वाट लागेल. गाडी सेकंडहँड आहे, मॅन्युअल मिळालं नाही. गरम झाली की न्यूट्रल पण सापडत नाही पटकन. फक्त ग्रेड सांगा, थिअरी नको.

किकमार: गाडी कोणती???

तेलकट: तिन्ही वेगळं म्हणजे हार्लेची बिग ट्विन (मोठ्या दोन सिलिंडरच्या इंजिनाची) असावी, नाहीतर जुनी कास्ट आयर्न बुलेट. स्पोर्टस्टर (हार्लेचंच छोटं मॉडेल) असेल तर गिअरबॉक्स आणि प्रायमरीचं ऑईल एकच असतं. मॉडेल आणि साल टाक.

रातपाळी_रायडर: हार्लेच आहे हो. मी ऑईलचं विचारलंय.

डिझेलकाका: डिझेल इंजिनाचं १५डब्ल्यू४० ग्रेडचं ऑईल घाल आणि विसरून जा. मी तेच घालतो, इंजिन एकदम गुळगुळीत चालतं.

किकमार: काका, हा ट्रक नाहीये. क्लच स्लिप होईल त्याचा.

तेलकट: नाही होणार, बिग ट्विनमध्ये क्लच प्रायमरीत असतो, इंजिन ऑईल तिथपर्यंत जातच नाही. हार्लेच्या मॅन्युअलमध्येच दिलंय की त्यांचं ऑईल मिळालं नाही तर सीएच-४ किंवा सीआय-४ दर्जाचं डिझेल ऑईल तात्पुरतं चालेल, आणि १५डब्ल्यू४० त्यात आहे. पण ते इंजिनापुरतंच, काका, तुम्ही तर सरसकट सांगताय.

डिझेलकाका: सरसकट कुठे म्हटलं मी? वाच नीट.

गिअरगुरू: गिअरबॉक्समध्ये ७५डब्ल्यू९० गिअर ऑईलच टाक भावा, इंजिन ऑईल तिथे फार पातळ पडतं, दातांवर फिल्म टिकत नाही.

तेलकट: हा गैरसमज कधी जाणार काय माहीत. गिअर ऑईलचा आणि इंजिन ऑईलचा आकडा वेगवेगळ्या मापातला असतो. गिअरचं ९० गरम झाल्यावर इंजिनच्या ४०-५० च्या आसपासच येतं. म्हणजे २०डब्ल्यू५० काही पातळ नाही. गिअर ऑईल चालतं, नाही असं नाही, पण कारण ते नव्हे.

गिअरगुरू: मी टाकल्यापासून शिफ्टिंग मऊ झालंय, आकडे तुला लखलाभ.

निवांत_गडी: टायरमधली हवा बघितली का? माझी जड वाटायची, हवाच कमी निघाली.

किकमार: 🙏 न्यूट्रल सापडत नाही म्हणतोय तो.

रातपाळी_रायडर: अरे कोणीतरी सरळ उत्तर द्या. २०१२ ची सॉफ्टेल आहे, ट्विन कॅम १०३ इंजिन.

तेलकट: हे आधी लिहिलं असतंस तर. तिन्हीत चांगलं सिंथेटिक २०डब्ल्यू५० चालेल, हार्लेचं स्वतःचं सिन३ ऑईल तिन्ही ठिकाणांसाठीच आहे. वेगवेगळं घ्यायचं असेल तर इंजिनात २०डब्ल्यू५० आणि बाकी दोन्हीत हार्लेचंच फॉर्म्युला प्लस. दुसऱ्या कंपनीचं घेतलंस तर प्रायमरीसाठी डब्यावर जासो (बाईकच्या ऑईलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ बघ. एमबी नको, त्यात घर्षण कमी असतं, ओला म्हणजे ऑईलमध्ये चालणारा क्लच घसरतो. प्रायमरी भरताना गाडी सरळ उभी धर आणि क्लचच्या डायफ्राम स्प्रिंगच्या खालच्या कडेपर्यंतच भर. जास्त झालं तर क्लच नीट सुटत नाही, न्यूट्रलचा त्रास त्यातूनही होतो. केबल अॅडजस्टमेंट पण बघ, सगळा दोष ऑईलवर ढकलू नकोस.

सुसाट_सदा: ड्रेन प्लग नीट बघ हां, इंजिन आणि गिअरबॉक्सचे शेजारी-शेजारी असतात, लोकं चुकीचं काढतात आणि मग एकीत दुप्पट, दुसरीत ठणठणाट.

तेलकट: ते हार्लेच्या टूरिंग मॉडेल्समध्ये, तिथे गिअरबॉक्सखाली इंजिन ऑईलचा पॅन असतो. सॉफ्टेलची इंजिन ऑईलची टाकी सीटखाली असते.

रातपाळी_रायडर: प्रायमरीतून अपेक्षेपेक्षा बरंच जास्त निघालं होतं, आता कळलं. किती किमीला बदलायचं पुढे?

तेलकट: इंजिन ८०००, प्रायमरी १६०००, गिअरबॉक्स ३२०००. सतत ट्रॅफिकमध्ये असशील तर इंजिनचं लवकर बदल.

डिझेलकाका: मी ५००० लाच बदलतो. आणि डिझेलचंच टाकतो.

निवांत_गडी: माझ्या स्कूटरला एमबी चालेल ना मग?

किकमार: चालेल, तिचा क्लच कोरडा असतो. पण वेगळा धागा काढ की रे.