अंडी घालणारे साप की पिल्लं घालणारे: पहिली वीण कोणाची घ्यावी?

निशाचर:
पाळीव सापांची वीण पहिल्यांदा घ्यायची म्हटलं की सगळे एकच नाव पुढे करतात, कॉर्न स्नेक. अंडी मिळाली की डब्यात ठेवायची आणि दोन महिने थांबायचं. मला हा सल्लाच पटत नाही. नवख्याने सुरुवात करावी ती पिल्लं घालणाऱ्या सापापासून. गार्टर स्नेक घ्या, नाहीतर केनियन सँड बोआ.

गाभण मादी आपली ऊब आपण शोधते. पेटीच्या एका टोकाला उबदार जागा आणि दुसऱ्या टोकाला गार, एवढं नीट करून दिलंत की ती दिवसभर सरकत राहते आणि हवं ते तापमान घेते. अंड्याला सरकता येत नाही. माझ्या कॉर्न मादीने चौदा अंडी दिली होती. थर्मोस्टॅटचा सेन्सर डब्याबाहेर घसरला आणि ते मला दुसऱ्या दिवशी रात्री कळलं. २८ अंशांवर असायला हवा तो डबा तोवर ३५ च्या पुढे गेला होता. पाच अंडी पिवळी पडून खचली. बाकीच्यांतून पिल्लं आली, पण तिघांचा कणा मधेच वाकलेला. पाठीवरून बोट फिरवलं की खडा लागावा तसं लागायचं. एकाला तर शेवटपर्यंत धड सरपटता आलं नाही. ती पिल्लं पोटात असती, तर आई केव्हाच गार कोपऱ्यात गेली असती.

वेटोळं:
वाचून वाईट वाटलं. पण यात दोष सेन्सरचा आहे, त्यासाठी अंडी घालणाऱ्या सापांना का बाद करता? सेन्सर चिकटपट्टीने पक्का करा, डब्यात वेगळा थर्मामीटर ठेवा आणि ३० अंशांना वीज तोडणारा दुसरा थर्मोस्टॅट मागे लावा.

‘आई सांभाळते’ हे बरोबर, पण त्याची किंमतही आईच मोजते. बोआ कन्स्ट्रिक्टरची मादी बीज सुटल्यानंतरची कात टाकते, तिथून पुढे साधारण १०० ते १२० दिवस पिल्लं पोटात वागवते. या काळात बऱ्याच माद्या अन्नाला तोंड लावत नाहीत. व्यायलेली मादी हातात घेऊन बघा. पाठीचा कणा वर आलेला असतो आणि कुशीची कातडी लोंबत असते. म्हणून जाणती माणसं तिला पुढचं वर्ष मोकळं ठेवतात. कॉर्न मादी अंडी घालून झाली की थोड्याच दिवसांत उंदीर मागायला लागते.

शिवाय पोटात काय चाललंय ते कुठे दिसतं? अंधारात अंड्यामागे टॉर्च धरा, चांगल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं स्पष्ट दिसतं. बोआच्या पोटात मेलेलं पिल्लू अडकलं, तर तुमच्या लक्षात येईपर्यंत मादी हातची जायची.

निशाचर:
अंडी अडकत नाहीत का? कॉर्न मादीही अंडं अडकून मरते. तो धोका दोन्हीकडे आहे, एकाच बाजूला मांडू नका.

रानवाट:
दोघांनीही आकड्याचं नाव काढलं नाही, आणि माझ्या मते सगळं तिथेच येऊन थांबतं.

बोआ एका वेतात वीस-तीस पिल्लं सहज घालते. सकाळी पेटी उघडता आणि ओल्या पातळ पडद्यातून बाहेर पडलेली तेवढी जिवंत पिल्लं समोर असतात. प्रत्येकाला वेगळा डबा, वेगळी पाण्याची वाटी, वेगळी ऊब. आठवडा-दहा दिवसांत पहिली कात टाकली की प्रत्येकाला खायला लावायचं, आणि त्यातली काही पहिल्यांदा तोंड फिरवणारच. नाही म्हणायची संधी तुम्हाला कुठेच मिळत नाही.

अंड्यांचं तसं नाही. सहा जणांना चांगलं घर मिळणार असेल, तर सहाच अंडी उबवायची. बाकीची घातली त्याच दिवशी गोठवायची. गर्भ तेव्हा अगदी लहान असतो. हे करताना मला दर वेळी जड जातं, तरी करते. घर न मिळालेले साप वर्षानुवर्षं अरुंद डब्यांत पडलेले मी बघितले आहेत. त्याहून हे बरं.

निशाचर:
याला माझ्याकडे उत्तर नाही. गार्टरची पिल्लं गांडुळाच्या तुकड्यांवर वाढतात, त्यामुळे खाण्याची कटकट कमी होते एवढंच म्हणेन. पण तीही एका वेतात वीस-तीस होऊ शकतात, आणि तेवढी घरं मी कुठून आणणार?

माळरान:
थोडं विषयांतर होतंय, पण ‘बोआ म्हणजे पिल्लंच’ असं कुणी धरून चालू नये. अरबस्तानातला एक सँड बोआ अंडी घालतो. त्याचं शास्त्रीय नाव एरिक्स जयकरी. मस्कतला सर्जन असलेल्या आत्माराम जयकरांवरून ते १८८८ मध्ये ठेवलं गेलं. मांडूळ त्याच प्रजातीसमूहातलं, एरिक्सच, पण ते पिल्लं घालतं. तेव्हा जोडी घेण्याआधी नेमकी जात विचारा.

दुसरं म्हणजे अंडी आईकडेच ठेवण्याबद्दल कुणीच बोललं नाही. बॉल पायथनची मादी चार-आठ अंड्यांभोवती घट्ट वेटोळं घालून बसते आणि अंड्यांतली ओल उडू देत नाही. बर्मी अजगराची मादी तर स्नायू थरथरवून स्वतः ऊब तयार करते. निशाचर, तुम्हाला आईचीच राखण हवी असेल तर ती इथेही आहे.

वेटोळं:
आहे, पण वेटोळ्यावर बसलेली मादी ते दोन महिने सहसा खात नाही. म्हणजे पुन्हा आईच्याच अंगावर. मी अंडी काढूनच घेते. आणि अंडी उचलताना वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा. कोंबडीच्या अंड्यांसारखी ही फिरवायची नसतात. गर्भ कवचाला आतून चिकटतो, नंतर अंडं उलटं झालं तर तो गुदमरू शकतो.

निशाचर:
खूण करीन. माझ्या दुसऱ्या कॉर्न मादीने अंड्यांआधीची कात काल टाकली, म्हणजे आठवडा-दोन आठवड्यांत अंडी येतील. गार्टरची बाजू मी सोडलेली नाही, पण या खेपेला दोन थर्मोस्टॅट लावतोय आणि सहाच अंडी ठेवणार आहे. रानवाट, त्या दिवशी तुम्हाला विचारीन. उरलेली गोठवायला हात धजेल असं आत्ता तरी वाटत नाही.

रानवाट:
विचारा. पहिल्या वेळी माझाही धजला नव्हता. सतरा पिल्लं झाली, आणि शेवटच्या दोघांना घर मिळायला अकरा महिने लागले.