अनुभव धागा : शिकवणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या हातातला मोबाइल

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवर २०१७ च्या सुमारास क्यूआर कोड छापले जाऊ लागले, त्याच वर्षी शिक्षकदिनी ‘दीक्षा’ हे डिजिटल शैक्षणिक साहित्याचे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्यावर घरातला फोन हाच अनेक मुलांचा वर्ग झाला. या सगळ्याबद्दल शासकीय परिपत्रकांत आणि वृत्तपत्रांत भरपूर लिहिले गेले. ज्यांनी प्रत्यक्ष शिकवले आणि जे शिकले, त्यांचे सविस्तर म्हणणे मात्र फारसे कोठे एकत्र आलेले नाही. म्हणून काही शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि कुटुंबीयांना येथे लिहिण्याची विनंती केली. फोनने नेमके कोणते काम केले आणि त्या वेळी तो कोणाच्या हातात होता, एवढे प्रत्येकाने सांगावे, ही अपेक्षा आहे.

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, धडगाव तालुका, नंदुरबार

आमची शाळा द्विशिक्षकी आहे आणि पाड्यावर रेंज येत नाही, त्यामुळे माझ्या अनुभवात इंटरनेटचा भाग जवळजवळ नाही. पहिलीत येणारी मुले घरी पावरी बोलतात. पाठ्यपुस्तकातली मराठी त्यांच्या कानांवर शाळेतच प्रथम पडते, आणि म्हणून घरी सतत बोलणारे मूल वर्गात महिनोन्‌महिने गप्प बसते. या गप्प बसण्याला बुद्धी कमी असल्याचे लक्षण मानणारे लोक मला अजूनही भेटतात, याचे फार वाईट वाटते.

मी फोनचा उपयोग केवळ ध्वनिमुद्रणासाठी केला. मुलांना गटाने पाड्यातल्या जाणत्या माणसांकडे नेले आणि फोन मुलांच्याच हातात दिला. प्रश्न त्यांनी विचारायचे, मुद्रण त्यांनी करायचे. मोहाची फुले पहाटे कशी वेचतात, ती कशी वाळवतात, घर शाकारताना कोणते गवत चालते, अशा विषयांवर आज्या आणि आजोबा मोकळेपणाने बोलले. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर आम्ही ते वर्गात ऐकत असू. मी मध्येच थांबवत असे आणि पुढे काय झाले ते मुले सांगत; आधी पावरीत, मग पावरी-मराठी मिसळून. त्यावरून चित्रे काढली जात, चित्रांखाली मी त्यांच्याच तोंडचे एकेक मराठी वाक्य लिहीत असे, आणि तीच पाने आमचे पहिले वाचनपुस्तक ठरत. ज्या मुलाची आजी वर्गात ‘बोलत’ असे, ते मूल त्या दिवशी सर्वांना शब्दांचे अर्थ समजावून सांगणारे होई.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या हंगामात आमची पटसंख्या कागदावर तीच राहते, उपस्थिती मात्र घसरते. मोहावरचा पाठ आम्ही मुद्दाम त्याच दिवसांत घेऊ लागलो. त्यामुळे सगळी मुले आली असे नाही, पण जी उशिरा येत ती टोपलीतली फुले घेऊन येत आणि पाठात त्यांना सांगण्यासारखे काही असे. पाठ्यपुस्तकातल्या बाग आणि रेल्वे यांवरच्या धड्यांत ते मिळत नव्हते.

भौतिकशास्त्राचे अध्यापक, कनिष्ठ महाविद्यालय, सांगली जिल्हा

प्रयोगशाळेत साहित्य अपुरे असते, एका लंबकाभोवती आठ-दहा विद्यार्थी उभे राहतात आणि वहीत सर्वांची निरीक्षणे एकच असतात. हे चित्र बदलावे म्हणून मी ‘फायफॉक्स’ हे विनामूल्य ॲप वापरू लागलो. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठात ते तयार झाले असून फोनमधील संवेदकांची (सेन्सरची) मोजमापे ते थेट दाखवते.

सर्वाधिक शिकवून गेलेला प्रयोग ध्वनीच्या वेगाचा आहे. दोन फोन मोजून पाच मीटर अंतरावर ठेवायचे आणि दोन्हींवर आवाजाने सुरू व बंद होणारे घड्याळ लावायचे. पहिल्या फोनजवळचा विद्यार्थी टाळी वाजवतो, तेव्हा दोन्ही घड्याळे सुरू होतात; दुसऱ्या फोनजवळच्या विद्यार्थ्याने टाळी वाजवली की दोन्ही थांबतात. पहिली टाळी दुसऱ्या फोनपर्यंत उशिरा पोहोचते आणि दुसरी टाळी पहिल्या फोनपर्यंत उशिरा पोहोचते, म्हणून दोन्ही घड्याळांच्या वेळांतला फरक हा ध्वनीला जाऊन-येऊन दहा मीटर अंतर कापायला लागणाऱ्या वेळेइतका असतो. तो सुमारे ०.०२९ सेकंद येतो. हा फरक दुप्पट अंतराचा का आहे, हे मी सांगत नाही. फळ्यावर दोन रेषा काढून विद्यार्थ्यांनीच ते शोधायचे असते, आणि तास खरा तेथेच रंगतो. हिवाळ्यातल्या सकाळी आणि उन्हाळ्यातल्या दुपारी हाच प्रयोग केला, तर वेगात फरक पडायला हवा, कारण २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ३० अंशांना सुमारे ३४९ मीटर असतो. आपल्या मोजमापात हा फरक दिसण्याइतकी अचूकता आहे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतः उपस्थित केला. त्रुटींचे विश्लेषण हा पाठ पूर्वी केवळ सूत्रांपुरता राहत असे. आता त्यावर वर्गात भांडणे होतात.

एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. स्वस्त फोनमध्ये घूर्णन मोजणारा संवेदक बहुधा नसतो, त्यामुळे फोनच टांगून करायचा लंबकाचा प्रयोग सर्वांना जमत नाही. मायक्रोफोन मात्र प्रत्येक फोनला असतोच. कोणाच्या खिशात कोणता फोन आहे हे ज्यात उघडे पडणार नाही, असेच प्रयोग मी निवडतो.

पदवीची विद्यार्थिनी, बीड जिल्हा

माझे आईवडील ऊसतोड करतात. शाळा बंद झाल्या तेव्हा मी नववीत जाणार होते. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या उपक्रमातला अभ्यास व्हॉट्सॲपवर रोज येत असे, आणि आमच्या घरातला एकमेव स्मार्टफोन वडिलांकडे असे. दिवाळीच्या आसपास टोळी निघाली, शाळा नसल्यामुळे मला मागे ठेवण्याचे कारण उरले नाही आणि मीही त्यांच्याबरोबर कारखान्यावर गेले. पहाटे अंधारात सगळे फडात जात, फोन मुकादमाच्या निरोपासाठी वडिलांच्या खिशात जाई, आणि रात्री कोपीवर, म्हणजे आमच्या तात्पुरत्या झोपडीवर, परत येई तेव्हा त्यात चार्जिंग उरलेले नसे. लहान भावंडांना सांभाळणे आणि पाणी भरणे ही दिवसाची कामे माझी होती. रिचार्ज संपला की पुन्हा होईपर्यंतचा अभ्यास वाहून जाई.

मला ज्याने टिकवले ते एका शिक्षिकेचे फोनवरचे बोलणे होते. बाईंनी आमच्यासारख्या मुलामुलींची यादी केली आणि ठरलेल्या रात्री त्या आम्हा चार-पाच जणांना एकत्र कॉन्फरन्स कॉल करत; त्याला कोणाचाही साधा बटनांचा फोन चालत असे. त्या इतिहासाचा धडा वाचून दाखवत, प्रत्येकाला नावाने प्रश्न विचारत, आणि शेवटी आम्ही एकमेकींना कोण कोणत्या कारखान्यावर आहे ते विचारत असू. व्हिडिओ नव्हता, चित्र नव्हते, परंतु आपण गैरहजर असलो तर कोणाच्या तरी लक्षात येते, ही जाणीव होती. त्या हंगामात माझ्या ओळखीच्या दोन मुलींची लग्ने झाली. मी शाळेत परतले. मोबाइलमुळे शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचले, असे भाषणात ऐकते तेव्हा त्या दोघी आठवतात.

दृष्टिहीन विद्यार्थी, पदव्युत्तर मराठी, पुणे

अँड्रॉइड फोनमधील ‘टॉकबॅक’ ही सुविधा पडद्यावरील मजकूर वाचून दाखवते आणि आता मराठीतही ती चांगली चालते. ब्रेल लिपीतील पुस्तके जाडजूड आणि दुर्मीळ असतात, त्यामुळे खिशात मावणारे ग्रंथालय मिळाले म्हणजे काय झाले, हे डोळस वाचकांना सांगणे अवघड आहे. मी कादंबऱ्या बसप्रवासात ऐकतो आणि टिपणे बोलून नोंदवतो.

माझी अडचण फोनमध्ये नसून मजकुरात आहे. प्राध्यापक मोठ्या आपुलकीने पीडीएफ पाठवतात, पण ती दोन प्रकारची निघते. काही वेळा ती पानांची छायाचित्रे असतात आणि फोनच्या दृष्टीने त्यात एकही अक्षर नसते. काही वेळा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला असतो. डोळ्यांना तो स्वच्छ मराठी दिसतो, पण आतून ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग असते आणि फोन तेच वाचून दाखवतो. छायाचित्रातून अक्षरे ओळखणारी साधने मराठीसाठी आता पुष्कळ सुधारली आहेत, तरी जोडाक्षरे, तळटीपा आणि कवितेच्या ओळींची रचना यांत ती चुकतात. कवितेत ओळ कोठे मोडली हे मला कळले नाही, तर मी ती कविता वाचली असे म्हणता येत नाही.

माध्यमिक शिक्षक, सोलापूर जिल्हा

आमच्याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, याचा आम्हां सर्वांना अभिमान आहे. माझ्या अनुभवात भर घालण्याजोगी गोष्ट एवढीच आहे की, कोड वर्गात स्कॅन करण्यावर मी अवलंबून राहत नाही. ‘दीक्षा’वरील पुढील आठवड्याचे घटक मी घरून उतरवून आणतो आणि एका वेळी तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त दाखवत नाही. विद्यार्थ्यांचे फोन शाळेत आणू नयेत, या मताचा मी आहे. गणिताच्या उदाहरणाचे छायाचित्र काढले की पायऱ्यांसह उत्तर देणारी साधने प्रत्येकाकडे आहेत, त्यामुळे गृहपाठात मी आता उत्तर मागत नाही. एखादी पायरी का घेतली, हे वर्गात फळ्यापाशी येऊन सांगायला लावतो.

स्वयंसेवक, जालना जिल्हा

‘उल्लास’ या नवभारत साक्षरता कार्यक्रमात मी माझ्या सासूबाईंना शिकवले. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी हा कार्यक्रम आहे आणि वाचन, लेखन व संख्याज्ञान अशा तीन भागांची एकूण १५० गुणांची परीक्षा असते. मुलांसाठीच्या बाराखडीच्या चित्रांत त्यांचे मन रमेना. तेव्हा मी त्यांच्या फोनमधील सगळी नावे देवनागरीत करून घेतली आणि नावांशेजारची छायाचित्रे काढून टाकली. कोणाचा मिस्ड कॉल आला आहे, हे वाचल्याशिवाय कळणार नव्हते, आणि मुलीचा आला असेल तर ते कळायलाच हवे होते. ‘सुमन’ आणि ‘सुरेखा’ यांतला फरक ओळखण्यासाठी त्यांनी ‘म’ आणि ‘र’ शिकून घेतले. आकडे तर नंबर लावताना आपोआप झाले. पुढे त्या मोबाइलवरून वही-पेन्सिलीकडे आल्या. लिहिताना हाताला वळण लागायला वेळ गेला, आणि तो भाग कोणत्याही ॲपने सोपा केला नाही.

धडगावच्या शिक्षिका, पुन्हा

दोन-तीन जणांनी मुद्रणे कशी जपता, असे विचारले आहे. प्रत्येक फाइलच्या नावात सांगणाऱ्याचे गाव, विषय आणि महिना घालावा. ‘ऑडिओ १’, ‘ऑडिओ २’ अशा नावांनी काही सापडत नाही. मेमरी कार्डाची एक प्रत शाळेच्या कपाटात आणि दुसरी केंद्रशाळेत ठेवावी, कारण फोन पाण्यात पडतो, फुटतो, आणि शिक्षकांची बदलीही होते. मुद्रण बाहेर कोठेही देण्यापूर्वी सांगणाऱ्यास ते ऐकवून त्यांची संमती घ्यावी. पुण्याच्या विद्यार्थ्याने जे लिहिले आहे ते वाचल्यापासून मुलांची लिहिलेली पाने आम्ही युनिकोडमध्ये टंकित करायला घेतली आहेत. पहिली दहा पाने या महिन्यात होतील, आणि ती फोनवर नीट वाचली जातात का, हे तपासून द्यायला त्यांनी तयारी दाखवली आहे.