मदत हवी आहे: चियांग माईत राहायचंय, थाई लिपी शिकावी की नुसतं बोलणं पुरेल?

पिंपळपार

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं, वयं ६४ आणि ६१, येत्या थंडीपासून चियांग माईत मुक्काम हलवत आहोत. निवृत्त मंडळींसाठीचा व्हिसा काढायचा आहे. गेले दोन महिने ॲपवरून रोमन अक्षरांत थाई शिकतोय. शंभरेक शब्द पाठ आहेत, पण ऑनलाइन शिकवणाऱ्या बाईंना त्यातले निम्मे कळत नाहीत. विचारायचं ते असं:

१) या वयात ४४ व्यंजनांची लिपी शिकण्याचा खटाटोप करावा का?
२) सुरांचं नेमकं कुठे चुकतं?
३) सौ. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. बाहेर खाताना काय सांगायचं?
४) कागदपत्रांत लोक कुठे अडकतात?

अनवट

काका, लिपी शिकाच, आणि रोमन आजपासून बंद करा. रोमन पाट्यांवर सूर दाखवत नाहीत, स्वर ऱ्हस्व की दीर्घ तेही दाखवत नाहीत, आणि थाईत अर्थ ठरतो तो या दोन्हींवर. तुमचे निम्मे शब्द बाईंना कळत नाहीत ते यामुळेच.

देवनागरी वाचणाऱ्याला ही लिपी इतरांपेक्षा पुष्कळ सोपी जाते. थाई वर्णमाला आपल्याच वर्गांच्या क्रमाने लावलेली आहे: कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग, मग य र ल व, मग तीन स आणि ह. मधे काही जादा अक्षरं घुसवलेली आहेत, उदाहरणार्थ त च्या आधी ड आणि प च्या आधी ब. सूर ठरवण्यासाठी व्यंजनांचे तीन गट आहेत: मध्यम ९, उच्च ११, नीच २४. इंग्रजीतून शिकणारे हे गट घोकून पाठ करतात. आपल्याला एक नियम पुरतो: वर्गातलं पहिलं अक्षर मध्यम, दुसरं उच्च, उरलेली तिन्ही नीच. क मध्यम, ख उच्च, ग-घ-ङ नीच. पाचही वर्गांत हेच. तिन्ही स आणि ह उच्च, य र ल व नीच.

आता यातली मेख. थाईत ग आणि घ दोन्ही ‘ख’ म्हणून उच्चारतात, द-ध ‘थ’ म्हणून, ब-भ ‘फ’ म्हणून. मग तीन-तीन ख कशाला? सुरासाठी. उच्च गटातल्या ख ला दीर्घ आ लावला की ‘खा’ चढत्या सुरात, अर्थ पाय. तोच आ ग च्या जागच्या अक्षराला लावला की ‘खा’ सपाट, अर्थ अडकून राहणे. कानाला एकच वाटणारी ही अक्षरं डोळ्यांनी वेगळी केलीत की सूर आपोआप मिळतो.

संस्कृत शब्द जुन्या हिज्जांत जसेच्या तसे ठेवले आहेत, त्यामुळे लिपी आली की ओळखीचे शब्द भेटत राहतात. प्रथेत म्हणजे प्रदेश (अर्थ देश), फासा म्हणजे भाषा, आहान म्हणजे आहार, आचान म्हणजे आचार्य (प्राध्यापक), थोरसाप म्हणजे दूर-शब्द, अर्थात टेलिफोन.

क्रम असा ठेवा. पहिला आठवडा मध्यम गट. त्यातली टवर्गातली दोन क्वचित लागतात, म्हणून सातच. दुसरा आठवडा उच्च. मग दोन आठवडे नीच. स्वर यांच्याबरोबरच घ्या. ते व्यंजनाच्या आधी, नंतर, वर, खाली कुठेही बसतात. ए आणि ओ आधी लिहून नंतर उच्चारतात, आपल्या ऱ्हस्व इकारासारखे. शब्दांमधे जागा सोडत नाहीत, हे मात्र जड जातं. त्यावर उपाय पाट्या वाचणं, कारण पाटीवर एक-दोनच शब्द असतात.

सायलीचा वेल

सुरांबद्दल. पाच सूर आहेत: सपाट, खालचा, पडता, वरचा, चढता. एकच शब्द घेऊन बसा, ‘खाव’. ख उच्च गटातला.

खुणेशिवाय: चढता सूर, अर्थ पांढरा.
वर ‘माइ एक’ ही छोटी उभी रेघ: खालचा सूर, अर्थ बातमी.
वर ‘माइ थो’: पडता सूर, अर्थ भात.

चारही खुणांची नावं एक, थो, त्री, चत्तवा अशी आहेत, म्हणजे एक, दोन, त्रि, चतुर्. आता भातातला आ आखूड केलात, सूर पडताच ठेवलात, तर अर्थ ‘आत शिरणे’ होतो. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ सैल सोडतो, ती सवय इथे मोडावी लागते. दीर्घ स्वर मनात दोन मात्रा मोजूनच म्हणा.

मराठी माणसाच्या ठरलेल्या चुका सांगते. एक, प्रश्न विचारताना शेवटी आवाज चढवणे. थाईत त्याने शेवटच्या शब्दाचा सूर बदलतो. वाक्य सरळ म्हणा आणि शेवटी ‘माइ’ हा प्रश्नाचा शब्द जोडा. दोन, ‘फ’ ओठ-दातांनी म्हणणे. थाईत तसा फ वेगळा आहे. फुकेतमधला फ म्हणजे प ला हकार, दोन्ही ओठ मिटून. तीन, शेवटचं व्यंजन हवा सोडून म्हणणे. शेवटी क, त, प आले की जीभ किंवा ओठ जागेवर टेकवून तिथेच थांबा, हवा बाहेर नको. शेवटचा ल ‘न’ होतो आणि स ‘त’ होतो, म्हणून फुटबॉल ‘फुतबोन’ ऐकू येतो.

आणि ‘क्लाइ’ हा शब्द पहिल्याच दिवशी पक्का करा. सपाट सुरात तो ‘लांब’, पडत्या सुरात ‘जवळ’. दवाखाना किती लांब, हे विचारताना उत्तर नेमकं उलटं कळू शकतं. खात्रीसाठी लगेच ‘की किलो?’ विचारा, म्हणजे किती किलोमीटर.

तपासायला फोनचा थाई कीबोर्ड घ्या आणि त्याला बोलून लिहायला लावा. पण एकेकच शब्द बोला. पूर्ण वाक्य दिलंत तर तो संदर्भावरून अंदाज बांधतो आणि तुमचा चुकीचा सूर झाकून जातो.

तव्यावरची

जेवणाचं नीट सांगते, कारण ‘भाज्याच घाला’ एवढं सांगून काम होत नाही. दोन शब्द आहेत. मांगसविरत (आपला मांसविरति) म्हणजे मांस नाही, पण अंडं बहुधा चालतं. चे म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. हा ‘च’ चहातला, चमच्यातला नव्हे. वहिनींनी ‘छान किन चे खा’ म्हणायचं, काकांनी ‘फोम किन चे ख्राप’. शेवटचे खा आणि ख्राप हे आदराचे शब्द आहेत, ते गाळू नका. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात हाच ‘चे’ लिहिलेला असतो. आधी तेवढी खूण ओळखायला शिका. आपल्या नवरात्राच्या आसपास नऊ दिवस चे उत्सव असतो, तेव्हा अशी पताका लावलेल्या खाण्याच्या गाड्या जागोजागी दिसतात.

इतर ठिकाणी खरी अडचण मांसाची नसते, सॉसची असते. नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी, नाम मान होय म्हणजे कालवांचा सॉस, कपी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. कढईत परतून मिळणारा पदार्थ सुधारता येतो: ‘माइ साइ नाम प्ला, माइ साइ नाम मान होय, माइ साइ खाइ’, म्हणजे माशाचं पाणी, कालवांचा सॉस आणि अंडं घालू नका. त्याऐवजी ‘साइ सी-इव’, सोया सॉस घाला. रस्सा मात्र सुधारता येत नाही, कारण वाटणात कपी आधीच मिसळलेली असते. नूडल सूपचं पाणी हाडांचं असतं. सोम ताम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, तिच्या खलात सुकी कोळंबी कुटतात, तुमच्यासाठी वगळली तरी खल तोच. हे तिन्ही पदार्थ चेच्या गाडीवरच खा.

कुकर आणि मिक्सर न्या, वीज २२० व्होल्टच आहे. मात्र आपली जाड तीन गोल पिनांची प्लग तिथल्या सॉकेटात जात नाही. प्रत्येक उपकरणाला सुटा ॲडॉप्टर लावण्यापेक्षा तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून प्लगच बदलून घ्या, अर्थिंगसकट.

नोंदवही

कागदपत्रं. वय ५० च्या पुढे, आणि थाई बँकेत ८ लाख बाथ किंवा दरमहा ६५ हजार बाथ उत्पन्न. थाईत लाखाला ‘सॅन’ असा स्वतंत्र शब्द आहे, म्हणून ८ लाख म्हणजे ‘पॅत सॅन’, मराठीसारखंच. दशलक्षात हिशेब करू नका.

लोक अडकतात ते इथे. पैसे मुक्कामाच्या मुदतवाढीच्या अर्जाआधी २ महिने खात्यात हवेत, मुदतवाढ मिळाल्यावर ३ महिने पूर्ण ८ लाख राहायला हवेत, आणि त्यानंतरही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. पैसे परदेशातून आल्याचा बँकेचा कागद जपून ठेवा. मुदतवाढीचं शुल्क १,९०० बाथ. देशाबाहेर पडण्याआधी री-एंट्री परवाना घ्या, एका वेळेचा १,००० बाथ, अनेक वेळांचा ३,८००. तो न घेता पुण्याला गेलात की मुदतवाढ रद्द, सगळं पहिल्यापासून. सलग राहत असाल तर दर ९० दिवसांनी पत्त्याची नोंद. ती १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालते. घरमालकाने तुमची नोंद २४ तासांत करायची असते, त्याची पावती मागून घ्या, पुढे प्रत्येक कामाला ती विचारतात. नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी दूतावासात आणि तिथे पोचल्यावर इमिग्रेशनच्या ११७८ वर विचारा.

वर्षात १८० दिवस राहिलात की तुम्ही करदृष्ट्या तिथले रहिवासी, आणि २०२४ पासून बाहेरचं उत्पन्न तिथे आणलं की त्यावर कर लागू शकतो. पेन्शन पाठवायला लागण्यापूर्वीच दोन्ही देशांचं कळणाऱ्या सीएकडे जा.

श्वासाचा त्रास असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल चियांग माई टाळा. उत्तरेत शेतं आणि जंगलं जळतात आणि धूर खोऱ्यात साचून राहतो.

पिंपळपार

सर्वांचे मनापासून आभार. आज मध्यम गटातली सात अक्षरं गिरवायला घेतली आहेत. एक राहिलं: दवाखान्यातल्या वेळा आणि औषधांवरच्या तारखा कशा वाचायच्या? सौ. ना रक्तदाब आहे.

सायलीचा वेल

वेळ: बोलण्यातलं घड्याळ सहा-सहा तासांचं आहे. रात्री ७ पासून पुन्हा एकपासून मोजतात, म्हणून ‘सोंग थुम’ (शब्दशः दोन थुम) म्हणजे रात्रीचे ८. दुपारचे दोन म्हणजे ‘बाय सोंग’. दवाखान्याची वेळ कागदावर २४ तासांच्या घड्याळात लिहून मागा.

महिने राशींवरून आहेत. जानेवारी मकराखोम, मकरसंक्रांतीचा महिना. मग कुंभ, मीन, मेष, आपल्याच क्रमाने. ‘खोम’ संपला तर ३१ दिवस, ‘योन’ संपला तर ३०. फेब्रुवारी तेवढा ‘फान’.

सन बौद्ध शकाचा, त्यातून ५४३ वजा करा. औषधाच्या पट्टीवर ‘फलित’ शब्दापुढे बनवल्याची तारीख असते आणि ‘मोत आयु’ पुढे मुदत संपल्याची. आयु आपलाच, मोत म्हणजे संपणे. सन दोनच आकड्यांत असेल तर ४३ वजा करा: ०२/७० म्हणजे फेब्रुवारी २०२७. आयात औषधांवर थेट ०२/२७ असतं, तिथे वजाबाकी नको.

रक्तदाब वाढणं म्हणजे ‘ख्वाम दान सूंग’, औषधाची ॲलर्जी म्हणजे ‘फॅ या’, छातीत दुखणं म्हणजे ‘चेप ना-ओक’. हे तिन्ही थाई लिपीत छापून दोघांच्या पाकिटात ठेवा, खाली औषधांची मूळ नावं आणि डोस. घाईच्या वेळी सूर चुकतोच, कार्ड पुढे करता येतं. रुग्णवाहिका १६६९.